वर्षातून एकदा

देरा, दुबई. शुक्रवार, १४ ऑगस्ट १९६४

जुम्म्याच्या नमाजानंतर शेठनी सांगितले, यंदाही रजा नाही. मी "बरं" म्हणालो. निकाह होऊन तीन वर्षे झाली, पण जुबेदा अजून तिच्या अब्बांकडेच, रत्नागिरीला. मी गेल्यावर तिची सासरी पाठवणी. पण मी जाणार कधी?

संध्याकाळी जेवताना खोलीतल्यांना ती गोष्ट सांगितली, बोटीवरच्या चिनी खानसाम्याकडून सकाळी धक्क्यावर ऐकलेली. एक गुराखी आणि स्वर्गातली विणकरीण, नवराबायको. देवांना ते खपले नाही, त्यांनी मध्ये आभाळातली नदी घातली. वर्षातून एकदा, आजच्याच रात्री, पाखरे पंखांचा पूल करतात आणि दोघे भेटतात, रडतात.

हसनचाचांचा घास हातातच राहिला. "दर वर्षी भेटतात?"

"हो चाचा. पण एकदाच."

"मग रडतात कशाला? माझ्या बायकोला बघून चार वर्षं झाली. त्यांचा शेठ चांगला म्हणायचा."

सगळे हसले. मीही हसलो, त्याचाच राग येतो आहे. वर्षातून एकदा, यात हसण्यासारखे काय?

ही गोष्ट जुबेदाला पत्रात लिहायची, असे सकाळी ठरवले होते. आता नको. तिला त्या विणकरणीचा हेवा वाटेल.