राहीच्या गुडघ्यावरचे ठिपके

३ नोव्हेंबर, सोमवार

नाही म्हणजे नाही! रस्त्याकडेची खोली टॅटूच्या दुकानाला मिळणार नाही, असं आज नातीला तोंडावर सांगितलं. क्रांती रडली नाही की भांडली नाही. म्हणाली, "मग मी पुण्याला जाते आबा. तिथं एका दुकानात जागा हाय. पंधरा तारखेला हजर व्हायचंय."

धमकी? फौजेतून निवृत्त झालेल्या सुभेदाराला?

राहीबाई भाकरी थापत होती. मी बोललो तशी जरा जास्तच जोरात थापायला लागली. बायको कुणाच्या बाजूला आहे ते कळलं.

४ नोव्हेंबर

शत्रूची माहिती असल्याशिवाय चढाई करू नये. चष्मा लावला, मोबाइल घेतला आणि हे टॅटूचं खूळ आलं कुठून ते शोधत बसलो. मुद्दे काढायचे आणि पोरीला गप्प करायचं. माझा अंदाज — इंग्रजांनी आणलं असणार.

चुकला. त्यांच्या खलाशांनी लांबच्या बेटांवरून नुसता 'टॅटू' हा शब्द आणला. गोंदणं त्याच्या कितीतरी आधीचं. इजिप्तमधल्या पाच हजार वर्षांपूर्वीच्या एका मढ्याच्या दंडावर बैल आहे! आम्ही दावणीला बांधतो, त्यानं दंडाला बांधला. मुद्दा पोरीच्याच बाजूचा निघाला. क्रांतीला सांगितलं नाही.

७ नोव्हेंबर

हयातीच्या दाखल्यासाठी साताऱ्याला. कराडपासून एस.टी.त उभाच. राहीच्या दवाखान्याच्या कार्डाचंही काम होतं. कारकुनानं विचारलं, "ओळखीची खूण?" हिनं ऐटीत हात पुढं केला — मनगटावरचं तुळशीवृंदावन. "नवऱ्याचं नाव?" विचारलं, की मला कोपर मारलं — तुमीच सांगा!

बेचाळीस वर्षं झाली, अजून नाव घेत नाही. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. त्यानंतर मी नुसता "आवं". फार तर "क्रांतीचं आबा". कारकूनसुद्धा हसला. येताना कंदी पेढे घेतले.

९ नोव्हेंबर, रविवार

आज घरात जे झालं ते लिहायलाच हवं.

युरोपात डोंगरातल्या बर्फात एक गडी सापडलाय. पाच हजार तीनशे वर्षांपूर्वीचा! अंगावर एकसष्ट खुणा, काजळीच्या. नक्षी कुठंच नाही, नुसत्या रेघा आणि फुल्या — कंबरेवर, गुडघ्यावर, घोट्यावर. शास्त्रज्ञ म्हणतात, बऱ्याचशा झिजलेल्या सांध्यांवरच आहेत, दुखण्यावरचा इलाज असावा. मी मोठ्यानं वाचून दाखवलं.

राही शेंगा फोडत होती. म्हणाली, "त्यात काय लय मोठं? माझ्या गुडघ्यावर बी हायत की."

आणि लुगडं जरा वर घेतलं. वाटीभोवती पाच ठिपके.

"आवं, तुमी काय समजला व्हता इतकी वर्षं?"

"तीळ."

हसली! शेंगा सांडल्या, ठसका लागला, तरी हसतेच आहे. क्रांती पळत आली तर तिला म्हणते, "तुझ्या आबानं तीळ समजलं गं, तीळ!" मग दोघी हसल्या. शेवटी मीही.

मग सांगितलं तिनं. चौदा वर्षांची असताना बांधावरून पडली. गोंदणारीण दारात आली होती. तीन सुया एकत्र बांधलेल्या, वाटीत दिव्याची काजळी. क्रांतीनं विचारलं, "मग दुखायचं थांबलं का गं?"

"न्हाई. पण त्या बाईनं घटकाभर माझा पाय मांडीवर घेतला व्हता. तवर कुणी घेतला व्हता माझा पाय?"

तवर नाही, आणि त्यानंतरही नाही. मला फार लाज वाटली. संध्याकाळी तेल कोमट करून तिचा गुडघा चोळून दिला. "आज काय सूर्य मावळतीला उगवला काय!" म्हणाली, पण पाय काढून घेतला नाही.

१० नोव्हेंबर

क्रांती वहीत आजीचे ठिपके, वृंदावन, सगळं उतरवून घेतेय. जीभ दाताखाली धरून. तिसरीत चित्रं काढताना अशीच धरायची. पुण्यात हिचं हे कोण बघणार?

१२ नोव्हेंबर

खोलीतली खताची पोती काढली. एकट्यानं. कंबर धरली — गोंदून घ्यावी म्हणतो!

क्रांती दारात येऊन उभी राहिली. "आबा, व्हय म्हणालात का तुमी?"

"पोती काढली, एवढंच."

भर रस्त्यात मिठी मारली पोरीनं. सुभेदाराला! समोरचा चहावाला बघत होता. बघू दे.

१५ नोव्हेंबर, शनिवार

नारळ फुटला. निम्मं मलकापूर दारात. पहिलं गिऱ्हाईक मीच, असं ठरलं होतं. राहीबाई माझ्याआधी खुर्चीत जाऊन बसली, हात पुढं केला. क्रांतीनं विचारलं, "काय लिहू आजी?"

पदर सावरला. माझ्याकडं बघितलं. आणि सगळ्यांसमोर, मोठ्यानं, उखाण्याशिवाय म्हणाली —

"आकाराम."