शांतता, टोन चालू आहे

सोमवार, ३ तारीख

पोचलो एकदाचे. व्हॅनमध्ये सामान, सामानावर आम्ही आणि माझ्या मांडीवर माइकची पेटी, असा प्रवास झाला. शेवटच्या चढावर दिग्दर्शकांनी सगळ्यांना उतरवून गाडी ढकलायला लावली आणि स्वतः स्टिअरिंगवर बसून सूचना देत राहिले. पुढचे दिवस कसे जाणार ते तिथेच कळलं, तरी मी भलतीच खुशीत आहे. लाकूडतोड कामगारांसाठी कधीकाळी बांधलेली ही बराक, चहूबाजूंनी जंगल, आणि सकाळपासून जागचं न हललेलं धुकं. खाटा करकरतात पण स्टोव्ह पेटतो. मोबाइलला रेंजही पूर्ण आहे, आणि त्यामुळे दिग्दर्शक नाराज आहेत. जंगलातल्या भयपटाला रेंज शोभत नाही, म्हणतात.

आजवर मी स्टुडिओत बसून दुसऱ्यांनी आणलेला आवाज धुऊनपुसून द्यायचे. जंगलात स्वतः माइक धरायची ही पहिलीच वेळ. खरं सांगायचं तर आले ती धाकटीसाठी. तिला पहिल्यांदाच नायिकेचं काम मिळालंय आणि आई तिला एकटीला सोडायला तयार नव्हती. जशी नेतेस तशी परत आण, एवढंच ती मला म्हणाली. फोनवर आईला सगळं छानच आहे असं सांगायची माझी जुनी सवय, म्हणून खरं काय ते या डायरीत.

आम्ही पाच जण. दिग्दर्शक, त्यांचा शाळेपासूनचा मित्र असलेला कॅमेरामन, धाकटी, मी आणि भूतकाका. भूतकाकांचं सगळं आयुष्य नाटकात गेलं. भुताचा पोशाख त्यांनी स्वतः गोणपाटाचा शिवलाय आणि त्याला पाठीमागे मानेपासून कमरेपर्यंत बटणं आहेत. मुखवटा काढायचा कंटाळा म्हणून ते चहा नळीने पितात.

जेवताना असल्या सिनेमांवरून जोरदार वाद झाला. दिग्दर्शकांचं म्हणणं, पैसा नाही हेच आपलं बळ. राक्षस दाखवायला परवडत नाही, म्हणून प्रेक्षक तो स्वतःच्या डोक्यात तयार करतो आणि तोच खरा भीतीदायक असतो. नट ओळखीचे नसतात, म्हणून ते मरतील असं खरंच वाटतं. जंगल खरं, थंडी खरी. हे मला पटतं. पण मीही माझी भडास काढली. पहिला अर्धा तास नुसतं चालणं आणि भांडणं, कॅमेरा इतका हलतो की डोकं धरतं, आवाज तर देवाच्या भरवशावर. शहाणीसुरती माणसं एकेकटी शोधायला जातात. नायिका सपाट जमिनीवर पडते. आणि सगळ्यात वरताण म्हणजे मरण दारात आलं तरी यांचं चित्रण चालूच. अरे, टाक तो कॅमेरा आणि पळ. कॅमेरामन हसून म्हणाला, कॅमेरावाल्याचं एक वेळ समजू शकतो, डायरी लिहिणाऱ्याचं काय? सगळे माझ्याकडे बघून हसले, मीही हसले.

मंगळवार, ४ तारीख

काम सुरू झालं. दिवे परवडत नाहीत, म्हणून रात्रीचे प्रसंगसुद्धा दिवसा धुक्यात उरकायचे. भूतकाका झाडामागून आले तेव्हा धाकटी घाबरायच्या ऐवजी फिसकन हसली. गोणपाट ते गोणपाटच. मी दिग्दर्शकांना सुचवलं, भूत दाखवूच नका, नुसतं ऐकू येऊ दे. त्यांना ते एकदम पटलं. भूतकाका मात्र थोडे उतरले बिचारे.

प्रत्येक प्रसंगानंतर मला टोन घ्यावा लागतो. म्हणजे सगळ्यांनी होतं तिथे एक मिनिट अजिबात न हलता उभं राहायचं आणि मी त्या जागेची शांतता टिपायची. प्रत्येक जागेची शांतता वेगळी असते, संकलनात ती जोडायला लागते. मी ओरडते, शांतता, टोन चालू आहे, आणि सगळे पुतळे होतात. धाकटी सोडून. तिचा उजवा पाय लहानपणापासून हलतो. बसली, उभी राहिली, झोपली तरी हलतो. आज एकही टोन धड मिळाला नाही, सगळ्यांत तिच्या बुटाची घासघास. शेवटी मी सगळ्यांदेखत तिला झापलं. जेवताना ती माझ्याशेजारी बसली नाही.

दिग्दर्शकांनी आज इंटरनेटवर बातमी सोडली की जंगलात गेलेल्या युनिटशी संपर्क तुटलाय. फुकटातली जाहिरात. जवळच्या पोलिसांना आणि वनखात्याला त्यांनी आधीच कळवून ठेवलंय की घाबरू नका, आमचा सिनेमाच तसा आहे. मीही आईला सांगून टाकलं, म्हणजे तिचा जीव टांगणीला लागायला नको.

बुधवार, ५ तारीख

धाकटीने मनावर घेतलंय. टोनच्या वेळी दोन्ही हातांनी मांडी दाबून धरते. आज पहिल्यांदा स्वच्छ टोन मिळाले.

स्वच्छ म्हणजे तसे स्वच्छ नाहीत. शांततेत कुणीतरी चालतंय. पाला दबल्याचा आवाज, मग थोडा वेळ काही नाही, मग पुन्हा. लांबून. आधी वाटलं भूतकाका खोडी काढतायत, पण ते माझ्यासमोरच होते, हाताची घडी घालून. मी हेडफोन काढले तर काही नाही, कानांना तेवढ्या लांबचं ऐकू येत नाही. मिनिट संपलं, सगळे हलले, आणि पावलंही थांबली. एखादं जनावर असेल. दिग्दर्शकांना ऐकवलं तर ते लहान मुलासारखे खूश झाले. आता ते दर प्रसंगाला दोन टोन मागतात.

गुरुवार, ६ तारीख

आज जवळून आलं. सकाळच्या टोनमध्ये ओढ्यापलीकडे, दुपारच्या टोनमध्ये अलीकडे. जनावर माणसं हलली की पळतं. हे हललो की थांबतं आणि गप्प उभं राहिलो की निघतं. कॅमेरामनला सांगितलं तर म्हणाला, आवाजवाल्यांना आवाजच दिसतात.

दुपारनंतर भूतकाकांचा प्रसंग होता. पोशाख घालून पाचोळ्याच्या खड्ड्यात निपचित पडून राहायचं, आम्ही ओढ्यापाशी धाकटीचं चालणं टिपून येईपर्यंत. म्हणाले, नाटकात बारा प्रकारे मेलोय, पडून राहायला काय लागतं.

परत आलो तर खड्ड्यात पोशाख होता. पालथा, माणूस झोपावा तसा. पाठीवरची सगळी बटणं लावलेली. आत काका नव्हते.

ती बटणं त्यांना स्वतःला लावता येत नाहीत, काढताही येत नाहीत. रोज सकाळी धाकटी लावून देते. दिग्दर्शक म्हणतात, भूत दाखवणार नाही म्हटल्यापासून रुसलेत, गेले असतील रस्त्याकडे. काकांचे बूट खाटेखाली आहेत.

शुक्रवार, ७ तारीख, सकाळ

काका आले नाहीत. आता निघूया म्हटलं. दिग्दर्शक म्हणाले, माणूस मागे टाकून कसं जायचं? तेही खरंच आहे. ते आणि कॅमेरामन शोधायला गेले, कोणी एकटं जायचं नाही एवढं मात्र मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं. दिग्दर्शकांच्या कॉलरला माझा बिनतारी माइक लावला. आणि माझ्या कामातली अक्कल शिकवली, की अधूनमधून थांबा, दोघंही अजिबात हलू नका आणि कान देऊन ऐका, हाक आली तर कळेल.

शुक्रवार, दुपार

हेडफोनमध्ये ते दोघं हाका मारत चालले होते. मग दिग्दर्शकांचा आवाज, "थांब. हलू नकोस. ऐकूया."

मग शांतता. आणि त्या शांततेत पाला. लांबून नाही. सरळ, भरभर.

ओरडणं नाही, झटापट नाही. कॉलर घासल्याचा आवाज, आणि मग नुसता टोन. स्वच्छ.

मी धावत बाहेर आले. धाकटीला म्हटलं गाडीत बस. ती पळाली आणि अंगणात, सपाट जमिनीवर, पडली. उजवा घोटा टम्म सुजलाय, टेकवतही नाही. व्हॅन ठणठणीत उभी आहे. किल्ली दिग्दर्शकांच्या खिशात.

शुक्रवार, संध्याकाळ

रेंज पूर्ण आहे. पोलिसांना फोन केला. समोरचा माणूस सौजन्याने म्हणाला, हो बाई, तुमच्या दिग्दर्शकांनी सांगून ठेवलंय, सिनेमाला शुभेच्छा. वनखात्यात हसले. आईला केला. मी रडत होते. आई म्हणाली, "अगं, धाकटीपेक्षा तूच बरी नटी निघालीस की." तिला तरी दोष कसा द्यायचा, मीच तर सांगून ठेवलं होतं.

विश्वास ठेवला तो एकट्या व्हॅनच्या मालकाने, तोही गाडीच्या काळजीने. उद्या त्याचा ड्रायव्हर दुसरी किल्ली घेऊन येतो म्हणाला.

तोवर सगळे टोन पुन्हा ऐकले. मंगळवारच्या एकाही टोनमध्ये पावलं नाहीत. एकाही नाही. तिथे धाकटीच्या बुटाची घासघास आहे. एक जण जरी हलत असेल तर ते जागचं हलत नाही. तिचा पाय आम्हाला राखत होता, आणि मी तो बंद करायला लावला. हे तिला सांगितलं. ती म्हणाली, "ताई, आता हलवते ना." आणि सुजलेला पाय हलवायला गेली आणि कळवळली.

शनिवार, ८ तारीख

रात्रभर आळीपाळीने. एकीने झोपायचं, दुसरीने हलत राहायचं. हात, मान, काहीही. माइक दोरीला टांगून झुलवत ठेवून पाहिला, त्याने भागत नाही. जिवंत माणूस लागतं. पहाटे दोघींचाही डोळा लागला असेल, क्षणभर. दारातल्या पायपुसण्यावर ओला पाचोळा आहे.

दार आतून बंद आहे. पाचोळा आतल्या बाजूला.

शनिवार, नंतर

हात भरून आलेत. नुसता हात हलवत बसलं की झोप येते. लिहिलं की येत नाही. म्हणून लिहितेय. कॅमेरामन, तुझ्या प्रश्नाचं हे उत्तर. पळायला पाय नसला की माणूस लिहितं.

धाकटी स्वेटर घालून माझ्या खांद्यावर झोपलीय. डावा पाय हलवत झोप म्हटलं, प्रयत्न करतेय. हलतोय. थोडा थोडा.

हेडफोन कानावरच आहेत. माइक दाराकडे.

शनिवार

ऐकलं. शब्द संपून पुढचा सुरू करते ना — मध्ये हात उचलते — तेवढ्यात. फळी दबते. एक पाऊल नाही, पावलाचा तुकडा. ओळ बदलताना जास्त.

म्हणून आता प्रत्येक शब्दावर शिरोरेघ ओढतेय, लांब, पुढच्या शब्दापर्यंत. शाळेनंतर कधी ओढली नव्हती. हात उचलायचा नाही. बघायचंही नाही. खाट सोडून पलीकडे काहीतरी उंच आहे एवढं डोळ्याच्या कोपऱ्यातून —

नाही बघायचं.

आई, ही जशी आणली तशी परत —

हॉर्न. हॉर्न वाजला. खाली, चढापाशी. ड्रायव्हर आला. धाकटे, ड्रायव्हर आला गं. थोडंच. चढ चढून येईपर्यंत.

पण पान संपत आलंय. शेवटचं बोटभर उरलं. उलटायचं तर हात थांबणार. तिचा पाय चालू असला तर उलटता येईल, तेवढंच हवं, ती पाय हलवेपर्यंत मी

तिला हाक मारतेय. खांद्याने ढकलतेय. जागी होत नाही. झोपेतसुद्धा कसा हलायचा, आई किती ओरडायची, आता हलव ना गं, धाकटे, पाय

पाय थांबलाय — खांद्यावरचं वजन नुसतं तिच्या स्वेटरचं आहे — बटणं लावलेली — आणि