चार महिने थांब

गोरेगाव

प्रिय सुधा,

घुंर्रर्र... रक्त फिरवायचं तुझं ते हाताचं यंत्र सकाळपासून कानात फिरतंय. गुरांच्या दवाखान्यातली नोकरी नवी असताना रविवारीही तू ते ओट्याला आवळून बसायचीस. नळ्यांत तबेल्यातल्या म्हशींचं रक्त, आणि शेजारी मी, कांदा चिरत पाचवीच्या कविता म्हणणारा मास्तर! "अहो, ठेका वाढवू नका, माझा हात पळतो!" ओरडायचीस. तांबड्या पेशी तळाला, वर पिवळसर पाणी. मला त्यात संध्याकाळ दिसायची. "तुम्हाला कशात दिसत नाही?" म्हणायचीस.

आजच का लिहितोय? तूच सांगितलं होतंस, माणसाची तांबडी पेशी साधारण चार महिने जगते. आज तुला जाऊन चार महिने झाले. म्हणजे तू असताना माझ्या अंगात तयार झालेलं रक्त संपत आलं गं! आता जे वाहतंय, त्याने तुला पाहिलेलंच नाही. हे कुणाला सांगू?

आणि एक सल आहे. जोगेश्वरीच्या रामलखन गवळ्याकडे रेडकं जन्मायची ती पडूनच राहायची, पायांत जीवच नसायचा. अंगात सेलेनियमचा क्षार कमी म्हणून तू त्याच्या गाभण म्हशींच्या आंबोणात त्याची पुडी घालायला लावलीस. पंधरा दिवसांनी रक्त तपासलं, फरक शून्य. तो दारात येऊन कुरकुरला, आणि मी शहाणा हसून बोलून गेलो, "बंद कर रे! हिला प्रयोगांचा नाद आहे."

तू आतून आलीस. "जुन्या पेशीत सेलेनियम शिरत नाही. पेशी घडतानाच ते आत जातं. नव्या पेशी येऊ दे की. चार महिने थांब रे बाबा!" बोललीस त्याच्याशी. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाहीस.

दुसऱ्या दिवसापासून त्याने आपला रतीब तोडला. महिन्याभरात तूही गेलीस, झोपेत. चूक झाली म्हणायचं मी उद्यावर टाकत होतो; आणखी एक सकाळ तरी ठेवायचीस ना! जन्मभर पोरांना सांगितलं, कविता घाईने वाचू नका. आणि घरात?

ते यंत्र मी भंगारात देणार नाही. दर रविवारी तेल घालीन, फिरवीन, आणि ठेका वाढवणार नाही. वचन!

थांब, कडी वाजतेय.

सुधा, रामलखन आलाय! हातात चिकाची किटली. "मास्तर, बाईंना बोलवा ना! रेडकू उभं राहिलं! पडलं, पुन्हा उठलं, आता आईला लुचतंय. तुम्ही बंद कर बोललात, पण बाई बोलल्या थांब. मी थांबलो, पुडी घालत राहिलो. तुम्ही बाईंना हसलात ना, म्हणून रतीब तोडला, दुसरं काही नाही. एवढे शिकलेले तुम्ही, पण धीर नाय! बोलवा ना, खरवस आजच करायला सांगा."

पाणी आणतो म्हणून आत आलोय. तो दारात उभा आहे, तुझी वाट बघत.

कसं सांगू गं त्याला?

तुझा,
दत्ता