चॉकलेटी हॉल

४ नोव्हेंबर, अफजलपूर
सुमन पुण्याला लेकीच्या, वैशालीच्या, बाळंतपणाला गेली ती तिकडंच. बाळ आता रांगायलंय. आज फोनवर म्हणाली, "एवढ्यात न्हाई जमायचं ओ." हॉलच्या भिंतीचे पोपडे सुटलेत. मी रिटायर, मोकळाच. रंग देऊन टाकावा. ती येईपर्यंत घर नवं.

५ नोव्हें.
मस्तानभाई पेंटर शेडकार्ड घेऊन आले. पिवळा, गुलाबी, मोतिया, सगळंच फिक्कं. मी गडद तपकिरीवर बोट ठेवलं. "साब, ये दरवाजे का रंग है. दिवाराँ कू कौन देता?" म्हणलं, द्या. का, ते मलाबी सांगता आलं नाही. आजवर घरात पडद्यापासून पातेल्यापर्यंत सगळं सुमनच्या पसंतीचं. हे एक...

८ नोव्हें.
भिंतींचं घासकाम, भेगांत लांबी भरणं. नाकातोंडात धूळ. बुद्धाची तसबीर उतरवून पलंगावर ठेवली, सुमनच्या बाजूला. मी कडेला अंग टाकलं.

१० नोव्हें.
पहिला हात. सारवल्यासारखं दिसतंय, डागडाग. शेजारच्या गंगक्का दारातूनच, "अण्णा, हे काय करायलाव? दिवसा लाइट लावायची पाळी यील." हसलो. त्या गेल्यावर लाइट लावली.

१२ नोव्हें.
दुसरा हात. तीन भिंती झाल्या. कपाटामागची राहिली. दुपारी खिडकीतून ऊन आलं आणि भिंत चिंचेच्या गरासारखी चमकली. फार छान. कुणाला तरी दाखवावंसं वाटलं. मस्तानभाई ओसरीत डबा खात होते, त्यांनाच आत बोलावलं, बसा म्हणलं. बसले. "अच्छा है साब. मगर अकेले आदमी कू..." उठून परत डब्याकडं गेले.

१३ नोव्हें.
व्हिडिओ कॉल. मोबाईल सगळीकडं फिरवून दाखवलं. सुमननं मोबाईल डोळ्यांजवळ धरला. मागं बाळ रडत होतं.
"कामून केलाव असं? मला विचारायचं तरी."
"तू इथं असतीस तर विचारलं असतं."
तोंडातून निघून गेलं. फोन बंद. तिनं ठेवला की रेंज गेली, कळलं नाही. परत लावला नाही. शिळी भाकरी दुधात कुस्करली.

१५ नोव्हें.
फोन नाही. वैशालीचा मेसेज : पप्पा, आई गप्प गप्प आहे. काय बोललात? लिहिलं, रंगाचं बोललो. पुसलं. परत तेच लिहून पाठवलं.

१६ नोव्हें.
मस्तानभाईंनी कपाट सरकवलं. "करूं क्या साब?" ब्रश डब्यात बुडवलेला. म्हणलं, थांबा. आज नको.

१७ नोव्हें.
सकाळी सुमनचा फोन. बीपीची गोळी घेतलाव का, गॅस सांगितलाव का. मी व्हय, व्हय. मग,
"राहिलेल्या भिंतीला हात लावू नगा. मी बघितल्याबिगर न्हाई."
"मग कधी येतीस?"
तिकडं बाळाला काहीतरी म्हणाली. मग, "वैशाली बोलवायलीय. ठेवते."
दुपारी मस्तानभाई शिडी न्यायला आले. त्यांना गावात दुसरं काम लागलंय. म्हणलं, न्या. ही भिंत मॅडम आल्यावर.
"कब आते मॅडम?"
सांगितलं, भिंत बघायला येणार आहेत.