सर्वणचा पोलादी दांडा

कोरगाव, २७ सप्टेंबर १९८७

चि. गुरुदास यास ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझा बाहरीनचा व्हिसा आल्याचं मला विमलाकडून कळलं, म्हापशाच्या बाजारात. बायको बोलते आणि भाऊ गप्प! आई गेल्यावर तुला मी वाढवलं, म्हणून विचारते. आता गोवा आपलं वेगळं राज्य झालं, खाणी चालू आहेत, तरी तुझ्या हातांना इथे काम नाही का रे? पाववाला पोदेर आला की मी अजून तुझ्या नावाने एक उंडा जास्त घेते. भाऊबीजेला तरी ये.

वाट पाहणारी,
शालिनीताई

सर्वण, ६ ऑक्टोबर १९८७

ती. ताईस सा. न. वि. वि.

रागावू नकोस, तिकीट अजून काढलेलं नाही. खाणीवरच्या खनिज उपसणाऱ्या शॉवेलच्या लोखंडी हातातली, पिना बसतात ती भोकं झिजून लांबट झाली आहेत. एवढा हात माझ्या लेथवर चढणं शक्य नाही. म्हणून भोकं जागेवरच कापणारं यंत्र घरी केलं आहे: लांब पोलादी दांडा, त्यात कापायचं हत्यार, दोन्ही टोकांना बेअरिंग आणि फिरवायला भातगिरणीची जुनी मोटर. हे जमलं तर खाणीचं काम मिळेल आणि बाहरीन सुटेल.

पण दसऱ्याला विमलाने आरशासारख्या घासलेल्या दांड्याला ओलं हळदकुंकू फासलं, वर नारळाचं पाणी. पुसायला गेलो तर म्हणाली, पूजेतलं हत्यार आज हलवायचं नाही, आणि बाहरीनला कोण पूजा करणार आहे तुमची? तसाच ठेवला. सकाळी दांडाभर गंज! बेअरिंगमधून सरकेना. आता तीच बारीक पॉलिश पेपर आणि तेल घेऊन बसली आहे, तोंड न उघडता. हे नवलच.

तुझ्या आशीर्वादाच्या आधारावर,
गुरुदास

सर्वण, १८ ऑक्टोबर १९८७

ती. ताईस सा. न. वि. वि.

जमलं! दोन्ही भोकं एका रेषेत आली. तेल लावलेली पिन हाताने ढकलली तशी आरपार गेली. बाहरीनला नाही म्हणून कळवलं.

मात्र ताई, बघायला कर्नाटकातल्या होस्पेटच्या खाणीचा माणूस आला होता. तिथे अशी कितीतरी यंत्रं झिजून पडली आहेत. म्हणाला, तुमचं यंत्र उचलून नेता येतं, मग चला. परवा दांडा ट्रकवर चढेल, मीही. उन्हाळ्यापर्यंत तिथेच. भाऊबीज चुकेल. विमलाही बोलत नाही, या वेळी खरोखरच.

तुझा,
गुरुदास

कोरगाव, भाऊबीज, १९८७

चि. गुरुदास यास ताईचे अनेक आशीर्वाद.

पाट मांडला होता. मग चंद्रालाच ओवाळलं. भाऊ जवळ नसला की बायका तसंच करतात. होस्पेट बाहरीनपेक्षा जवळ, असं मीच मला समजावते. विमलाला इकडे बोलावलं आहे, दोघी मिळून तुला नावं ठेवू.

एक सांगू? तुझ्या चाचणीच्या दिवसांत मी रोज देवळात जात होते. गुरूचं यंत्र चालू दे, एवढंच मागितलं. देवाने ऐकलं. इथे चालू दे, हे म्हणायचं माझ्या लक्षातच आलं नाही.

लोभ आहेच. तुझाही पेडण्याच्या बसमध्ये बसवून एकदा इकडे घेऊन ये.

शालिनीताई