भुयारातला टू बीएचके

४ जाने., रवि.
आजचा खेळ फसला. पार फसला. भुयाराचा नकाशा मी रचायचा, हरीश आणि स्नेहाने त्यात राक्षस शोधत फिरायचं, सगळं जेवणाच्या टेबलावर. हरीश भुयारात शिरला आणि म्हणाला, "डावीकडे टॉयलेट, पुढे किचन, राक्षस मास्टर बेडरूममध्ये. यार, ये तो खरवई का टू बीएचके है." बरोबर निघालं! दिवसभर अंबरनाथच्या ऑफिसात खरवईकडच्या बिल्डरांचे प्लॅन काढून हात तसाच वळतो. जित्याची खोड.
जाताना हळूच स्नेहाला विचारत होता, रविवारी टर्फवर क्रिकेट सुरू करू या का. वाईट वाटलं. दोन वर्षं मी या दोस्तांबरोबरच्या रविवारांवर जगतेय.

७ जाने.
ठरलं. नकाशा फाशांनी काढायचा. तक्ता केला: पहिला फासा बोळाची लांबी, दुसरा खोलीचा आकार, तिसऱ्यातून एक वजा केला की दारं. शेवटचा, आत काय.
पण आवडलं नाही की परत टाकते. तीनदा टाकून किचन पुन्हा तिथेच.

८ जाने.
आईने फासे काढून घेतले. चामटोलीत कवड्या खेळत वाढलेली बाई, लबाडी लगेच दिसते तिला. ती टाकते, मी रेघा ओढते. बोळ वाकडे, एक खोली रताळ्यासारखी. हसून पोट दुखलं.
मग तिसऱ्या फाशावर एक पडला. एकातून एक गेला. मधोमध मोठी खोली आणि दारं शून्य. म्हटलं, परत टाक, असा प्लॅन पास होत नाही.
"पडलं ते पडलं. चूक तुझ्या तक्त्याची, खोलीची नाही."
तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली. आत काय, ते टाकायचं राहिलंच.

११ जाने., रवि.
सकाळपासून धाकधूक. हरीश येताना त्याच्या कॅम्प एकमधल्या दुकानातलं बिलबुक घेऊन आला, मागच्या कोऱ्या बाजूला नकाशा आखत होता. दोन तासांनी पेन थांबला. चहूबाजूंनी बोळ, मधली जागा रिकामी, दार कुठेच नाही. स्नेहाने भिंतीला कान लावला, मग टेबलालाच. आत काय म्हणून माझ्या मागे लागले. मला तरी कुठे माहीत! चेहरा मख्ख ठेवला. आई पोह्यांच्या ताटल्या घेऊन उभीच.
टर्फचा विषय नाही. जिन्यावरून हरीश म्हणाला, "अगले संडे छिन्नी लेके आता हूँ. तोवर कोणी उघडायचं नाही."
खूप खूप बरं वाटलं.

१२ जाने.
हरीशचे सात मेसेज. त्याच्या मते आत पाणी आहे, भिंत फोडली तर बुडू. स्नेहाला वाटतं, कोणीतरी वाट बघतंय.
राहवेना. शेवटचा फासा टाकायला गेले तर डबा रिकामा. फासे आईच्या कनवटीला. रविवारी भिंत फुटल्यावर सगळ्यांसमोर टाकणार म्हणे. तिला विचारलं, काय असेल गं आत?
"मी ठरवलंय कधीच. फाशाला सांगू नकोस."