अलेसीच्या प्रत्येक फोटोत मामा

प्रिय वासिती,

तुझी लेक सुखरूप आहे. गुडघा खरचटलाय, बाकी काही नाही. हे मला आपल्या अपिसाईनं सांगितलं आणि तो तिथेच होता.

सिडनीहून फोटो काढायला आलेल्या अलेसीनं गावच्या प्रमुखांपुढे पाहुण्यानं मान म्हणून ठेवायची यांगोनाच्या मुळांची जुडी आणलीच नव्हती. "मी काय परकी आहे का, मावशी?" म्हणाली. मग तिच्या नावानं मीच ठेवली. प्रमुखांनी ती स्वीकारली आणि म्हणाले, "आता ही पोर गावाची. समुद्रावर एकटी जाणार नाही."

तेव्हापासून अपिसाई तिच्याबरोबर. ती वैतागली. "मावशी, प्रत्येक फोटोत मामाचं पोट येतंय."

"कॅमेरा वळव की," अपिसाई म्हणाला. "पोट कुठे वळवू?"

आज प्रवाळाच्या कडेला उभी राहून ती गावाचा फोटो घेत होती. पाठ समुद्राकडे आणि पावलं मागे मागे. अपिसाई नेहमीसारखा फोटोत उभा होता, म्हणूनच त्याला तिच्यामागची लाट दिसली. त्यानं कॅमेऱ्याच्या पट्ट्याला धरून तिला ओढलं. दोघं पडले. कॅमेरा त्याच्या पोटावर पडला म्हणून वाचला.

हे पत्र पाठवणार नाही. तू पुढच्याच विमानानं तिला न्यायला येशील आणि ती इथे खुशीत आहे.

उद्या ती शेजारच्या बेटावर निघाली आहे. तिथल्या प्रमुखांसाठी यांगोनाची जुडी या वेळी तिनं स्वतः आणून दाराशी ठेवली आहे. मामाला चल म्हणालेली नाही, पण सकाळी तो होडीत आधीच बसलेला असेल.

तुझी ताई,
सेनिमिली